पुढचा मोठा रॉक बँड कोणता? ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी नौपाड्यातल्या आमच्या घरी आठ-दहा जण गाणी ऐकायला जमतात. कुणी ऐरोलीहून येतं, कुणी खारघरहून दोन गाड्या बदलून. अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये बोलायचं नाही आणि चहा नंतर, एवढेच नियम. चहाच्या वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात आणि नंतर फोनवरही येत राहतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. मतं माझी आहेत.

फिरवून न बोलता सांगा: पुढचा मोठा बँड कोणता?

जगातला विचाराल तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला 'गीस'. भारतातला विचाराल तर दिल्लीचा 'ब्लडीवुड' उंबरठा ओलांडून पुढे गेलाच आहे. मराठीतला विचाराल तर त्याचं नाव मी सांगू शकत नाही. माझी खात्री आहे की तो बँड आत्ता कुठल्यातरी जॅमरूममध्ये, म्हणजे सरावाच्या खोलीत, तासाच्या भाड्यावर घाम गाळतोय आणि त्याची पाच गाणीही अजून पूर्ण झालेली नाहीत. खाली बरंचसं लिहिलंय ते त्याच्यासाठीच.

गीसबद्दल थोडं जास्त सांगते. शाळेत असताना एकत्र आलेली ही मुलं. २०२१ मध्ये 'प्रोजेक्टर', २०२३ मध्ये 'थ्रीडी कंट्री' आणि सप्टेंबर २०२५ मध्ये 'गेटिंग किल्ड' असे त्यांचे अल्बम आले. पहिल्यात त्यांनी कुणाकुणाला ऐकलंय ते ओळखू येतं. दुसऱ्यात ते आडदांडपणे चारी दिशांना धावतात. तिसरा लावला की मिनिटभरात कळतं, हे दुसरं कुणी असूच शकत नाही. कॅमेरॉन विंटरचा आवाज पहिल्यांदा ऐकताना सुटल्यासारखा, कधी रडवेला वाटतो. आमच्यातल्या निम्म्या मंडळींनी तो आवाज पहिल्या रविवारी नाकारला होता. पण मॅक्स बॅसिनचे ड्रम्स ऐका. गाणं आता कोसळणार असं वाटतं, त्या क्षणी तो ते सावरायला जात नाही, आणखी ढकलतो. तरी गाणं पडत नाही. हे एकत्र वाढलेल्या माणसांनाच जमतं. पैसे देऊन बोलावलेल्या वादकांकडून ते होत नाही, मग ते कितीही तयारीचे असोत.

मोठा म्हणजे किती मोठा?

आपल्यासाठी मोजमाप घराजवळच आहे. जो बँड नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्वतःच्या नावावर तिकिटं विकू शकतो, तो मोठा. १५ डिसेंबर २०१९ रोजी तिथे 'यूटू' वाजले. जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला 'कोल्डप्ले'ने तीन रात्री वाजवल्या.

यूटूच्या त्या रात्रीचा हिशोब मात्र मांडून बघा. ज्या अल्बमच्या दौऱ्यावर ते नेरुळला आले होते, तो अल्बम १९८७ चा. तो त्यांचा पाचवा. बँड सुरू झाला १९७६ मध्ये, डब्लिनच्या शाळकरी मुलांचा. म्हणजे ज्याने त्यांना अख्ख्या जगात नेलं, तिथवर पोचायला त्यांना अकरा वर्षं लागली, आणि त्या अकरा वर्षांत चौघांपैकी एकही सोडून गेला नाही. पुढचा मोठा बँड कोण, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते: गेली पाच वर्षं तीच माणसं आहेत का?

रॉक संपलं, असं सगळेच म्हणतात. मग हा प्रश्न तरी कशाला?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत 'घोस्ट' आणि 'स्लीप टोकन' या दोन बँडचे अल्बम एकाच महिन्यात पहिल्या क्रमांकावर येऊन गेले. पहिला स्वीडनचा, दुसरा लंडनचा, दोन्ही मुखवटे घालून वाजवणारे आणि दोन्ही जड गिटारांचे. मुंबईत लोलापलूझा या संगीत महोत्सवाच्या पहिल्या वर्षी, २०२३ मध्ये, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'इमॅजिन ड्रॅगन्स' आणि 'द स्ट्रोक्स' मुख्य होते, तर २०२५ मध्ये 'ग्रीन डे'. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच मैदानावर 'गन्स अँड रोझेस' वाजले. रेडिओवर आणि लग्नाच्या हॉलमध्ये रॉक ऐकू येत नाही एवढंच. ते तसंही कधी येत नव्हतं.

पुढचा मोठा कोण हे आधी ओळखता येतं तरी का? कंपन्यांनाही येत नाही ना?

येत नाही, हे खरं आहे. १ जानेवारी १९६२ रोजी डेका कंपनीने 'बीटल्स'ची चाचणी घेतली आणि त्यांना परत पाठवलं. १९९१ मध्ये 'निर्वाणा'चा दुसरा अल्बम आला, तेव्हा कंपनीने अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम ४६ हजार प्रती बाजारात पाठवल्या होत्या. जानेवारी १९९२ मध्ये त्याच अल्बमने मायकल जॅक्सनच्या अल्बमला पहिल्या क्रमांकावरून खाली उतरवलं.

पण कंपनीचा प्रश्न असतो, किती खपेल. आपला प्रश्न वेगळा आहे. याच्यात जीव आहे का, आणि तो टिकेल का, एवढंच आपल्याला बघायचंय. त्याला कान पुरतात. छोट्या कार्यक्रमात मी तीन गोष्टी बघते. पहिली, ड्रमर. गायक बरा असला तर बँड बरा वाटतो, पण ड्रमर उत्तम असल्याशिवाय कुठलाही बँड मोठा होत नाही. दुसरी, चौथं-पाचवं गाणं. पहिली तीन गाणी सगळेच घोटून आलेले असतात. त्यानंतर काय आहे, तिथे बँडची खरी शिदोरी कळते. तिसरी गोष्ट प्रेक्षकांतली. पुढच्या दोन रांगा मित्रांच्या असतात, त्यांच्याकडे बघायचं नाही. मागे भिंतीला टेकून उभा असलेला, दुसऱ्याच कुणासाठी आलेला माणूस फोन खिशात ठेवतो का, ते बघायचं.

यापेक्षा खोल कसोटी माझ्याकडे नाही. पण या तिन्हींवर उतरलेला बँड मला वर्षाकाठी एखादाच भेटतो.

भारतातून ब्लडीवुडच का? इतके बँड असताना?

कारण त्यांनी एक गोष्ट नीट सोडवली, जी आपल्याकडे पन्नास वर्षं अर्धवट सुटत होती. आपले पुष्कळ बँड आधी इंग्रजी पद्धतीचं गाणं तयार करतात आणि मग वरून सतार किंवा तबला भुरभुरवतात, पोह्यांवर खोबरं घालतात तसं. खोबरं काढलं तरी पोहे तेच. ब्लडीवुडमध्ये ढोल काढून बघा, गाणंच उरत नाही. भांगड्याचा ठेका आणि मेटलची, म्हणजे जड आवाजाच्या रॉकची, गिटार एकाच पायावर नाचतात.

२०१६ च्या सुमाराला करण कटियार आणि जयंत भडुला यांनी लोकप्रिय गाण्यांची मेटल रूपं यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. कटियार वकिली सोडून आला होता. पुढे रॅप करणारा राऊल केर आला. २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात ते वाजले. स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम 'रक्षक' आला फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि दुसरा, 'न्यू दिल्ली', २०२५ मध्ये. म्हणजे इथेही पहिल्या पूर्ण अल्बमला सहा वर्षं लागली. गाणी हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीत. जपानी आणि जर्मन प्रेक्षक ती शब्द न कळता गातात.

त्यांच्याआधी वाट पाडणारे होते, त्यांची नावं घेतल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. कोलकात्यात १९७५ मध्ये सुरू झालेला 'मोहीनेर घोडागुली', दिल्लीचा 'इंडियन ओशन', मल्याळममधून गाणारा 'अवियल', उर्दू आणि काश्मिरीतून गाणारा बंगळुरूचा 'परवाज'. बंगळुरूचाच 'क्रिप्टॉस' आणि मुंबईचा 'डेमॉनिक रेझरेक्शन' ब्लडीवुडच्या आधी वाकेनला वाजून आले होते.

मराठीत रॉक का रुजत नाही? भाषाच त्याला साजत नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि दरवेळी माझा जीव तुटतो. भाषेचा काहीही दोष नाही.

उच्चार बघा. ओरडून म्हणायला ठ, झ, ढ, ळ, ण यांच्याइतके दणकट वर्ण किती भाषांत आहेत? आणि ओळीचा शेवट बघा. जातो, गेला, आहे, नाही, राहिलं. मराठी वाक्य बहुतेक वेळा उघड्या स्वरावर संपतं आणि उघडा स्वर लांबवता येतो. रॉकच्या गायकाला दुसरं काय हवं असतं?

मग छंद. मोठ्या अभंगाचा साचा आहे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचा. तीन चरण धावत येतात आणि चौथा तोकडा पडतो. त्या तोकड्या चरणानंतर जी मोकळी जागा उरते, तिथे वारीत टाळ-मृदंग उत्तर देतात. नेमकी तीच जागा गिटारच्या रिफची, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीची आहे. अभंग रचणाऱ्यांनी ती आपल्यासाठी शतकांपूर्वी राखून ठेवली आहे. 'अभंग रिपोस्ट' हा आपला बँड संतांचे अभंग गिटार, बेस आणि ड्रम्सवर वाजवतो, तेव्हा तरुण मुलं का डोलतात ते यातून कळतं. मला तो बँड मनापासून आवडतो. आता कुणीतरी पुढची पायरी चढावी, एवढंच म्हणणं आहे. साचा तोच घ्यावा आणि शब्द स्वतःचे लिहावेत. कळव्याच्या खाडीवरून रोज सकाळी लोंबकळत जाणाऱ्या माणसाचे शब्द. दिवा गावातल्या पाण्याचे, घोडबंदरच्या ट्रॅफिकचे शब्द.

अडचण भाषेत नाही, सवयीत आहे. आपली मुलं मराठीत भांडतात, मराठीत प्रेमात पडतात आणि माइक हातात आला की इंग्रजीत जातात. माझा खारघरचा भाचा ड्रम्स वाजवतो. त्याच्या बँडचं एक इंग्रजी गाणं होतं, चांगलं बांधलेलं, तरी कोरडं. एकदा सरावात गायकाला शब्द आठवेनात, म्हणून त्याने त्याच चालीवर रागारागाने मराठीत काहीतरी बडबड केली. खोलीतले सगळे एकदम सरळ बसले. त्या बडबडीचंच पुढे गाणं झालं.

आमच्या आईला 'बँड' म्हटलं की लग्नातला बँडबाजा आठवतो. तिला काय सांगू?

तिचं म्हणणं नीट ऐका. मला वाटतं, सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी तीच आहे.

ठाणे-नवी मुंबईत हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीत जी बेंजो पार्टी येते, ती नुसती वाजतगाजत जाते म्हणून आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. तिची मांडणी बघा. मधोमध विजेवर चालणारं तंतुवाद्य, अँप्लिफायरमधून फाटेपर्यंत चढवलेलं. भोवती ढोलक, ऑक्टोपॅड, ताशा. पुढे नाचणारा जमाव. हा रॉक बँडच आहे, त्याला कुणी ते नाव दिलेलं नाही. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते अमेरिकन बँजो नव्हे. ते बटणांवर वाजणारं बुलबुलतरंग, ज्याचं मूळ वाद्य 'ताइशोगोतो' १९१२ मध्ये जपानमधल्या नागोयात तयार झालं. ते आपल्याकडे आलं, कामगार वस्त्यांत आणि गावठाणांत रुजलं, आणि कुणीतरी त्याला पिकअप लावून स्पीकरला जोडलं. इलेक्ट्रिक गिटारचा प्रवास याहून वेगळा नाही.

आणि ठेका. आगरी-कोळी गाण्यांचा तो सहा मात्रांचा, पुढे झुकलेला ठेका दिवाळे, करावे, बेलापूर अशा प्रत्येक गावठाणात वाजतो. इथल्या मुलाला तो शिकवावा लागत नाही, खांद्यात असतो. इंग्रजी रॉक मुख्यतः चार मात्रांवर चालतं. जो बँड सहाचा कोळी ठेका आणि चारचा रॉकचा ठोका एकमेकांवर चढवेल, त्याच्याकडे जगात कुणाकडे नाही असं काही असेल. दिल्लीच्या मुलांनी भांगड्याचं जे केलं ते आपण कोळी ठेक्याचं का करू नये, हे मी दर रविवारी विचारते.

म्हणून आईला सांगा, हो, तोच बँड, फक्त गाणी आमची. आणि जमलं तर हळदीतल्या बेंजोवाल्या दादांना एकदा जॅमरूममध्ये बोलवा, मानधन देऊन. त्यांच्याइतका सलग चार तास वाजवण्याचा दम तुमच्यातल्या एकाकडेही नसेल.

ठाण्या-नवी मुंबईतून मोठा बँड निघायला नक्की अडतंय कुठे?

पायऱ्या नाहीत. नेरुळला जगातल्या सर्वांत मोठ्या बँडसाठी स्टेडियम आहे आणि नेरुळमधल्या बँडला स्वतःची गाणी वाजवायला दीडशे माणसांची खोली मिळत नाही. त्याला लोअर परळला किंवा खारला जावं लागतं. इथल्या हॉटेलांत वाजवायला मिळतं, पण फर्माईश असते जुन्या हिंदी गाण्यांची. ते कामही मान खाली घालण्यासारखं नाही, पण त्यातून स्वतःचं गाणं वाढत नाही.

मुंबईनेही स्वतःची पायरी गमावली आहे. 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला आणि धोबी तलावाच्या रंगभवनात तो वाढला. कॉलेजात असताना मी तिथे दगडी पायऱ्यांवर बसून 'रॉक मशीन' या बँडचं पुढे 'इंडस क्रीड' झालेलं बघितलं. नवखे बँड दुपारच्या उन्हात वाजवायचे, नावाजलेले रात्री. दुपारवाले दोन-तीन वर्षांत रात्रीवाले व्हायचे, आणि आम्ही ते होताना बघायचो. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवन बंद पडलं. रुग्णालयं शेजारी होती, नियमामागचं कारण योग्यच होतं. पण बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही. लोअर परळचं 'ब्लू फ्रॉग' २००७ मध्ये उघडलं आणि २०१६ मध्ये मिटलं.

यावर उपाय आपल्या घरातच आहे, तो म्हणजे नाटक. मराठी मुलगा कॉलेजात एकांकिका करतो, स्पर्धेत उतरतो, तिथे त्याला कुणीतरी बघतं, मग तो व्यावसायिक नाटकात येतो आणि त्याच नाटकाचे शेकडो प्रयोग करत हिंडतो: ठाण्याचं गडकरी रंगायतन, घाणेकर, वाशीचं भावे, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले, कल्याणचं अत्रे, पनवेलचं फडके. एवढ्याशा पट्ट्यात सहा नाट्यगृहं. प्रत्येक ठिकाणी रविवारी दुपारी जेवून-बिवून आलेला, तिकीट काढून बसणारा प्रेक्षक. अशी पायऱ्यांची माळ जगातल्या फार थोड्या शहरांना लाभली असेल. रॉकला यातलं काहीच परकं नाही. तीन बँड, प्रत्येकी चाळीस मिनिटं, दुसऱ्या बँडनंतर मध्यंतर, बटाटेवडा, आणि सगळी गाणी स्वतःची. बसून ऐकणाऱ्या प्रेक्षकापुढे वाजवताना लबाडी चालत नाही.

पवईच्या आयआयटीतल्या मूड इंडिगो या कॉलेज महोत्सवाची 'लाइव्हवायर' ही बँडची स्पर्धा एकांकिका स्पर्धेचंच काम करते. ऐरोलीहून पूल ओलांडला की पवई फार लांब नाही. तिथे जाऊन बघा, निदान बघायला तरी जा.

दुसऱ्यांची गाणी वाजवून सुरुवात करावी का?

करावी. मेक्सिकोच्या माँटेरे शहरातल्या तीन बहिणींचा 'द वॉर्निंग' हा बँड घ्या. २०१४ मध्ये त्या अगदी लहान होत्या, तेव्हा मेटॅलिकाच्या एका गाण्याचा त्यांचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. त्यावर त्या थांबल्या असत्या तर आज कुणी नावही घेतलं नसतं. त्यांनी लगेच स्वतःची गाणी लिहायला घेतली आणि दहा वर्षं अल्बममागून अल्बम काढत राहिल्या. आज त्या मोठ्या महोत्सवांत स्वतःच्या गाण्यांवर वाजवतात. इंडोनेशियाच्या पश्चिम जावामधल्या गारुतच्या 'व्हॉइस ऑफ बाचेप्रॉट' या तीन मुलीही शाळेत असताना अशाच सुरू झाल्या आणि २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवाला पोचल्या. त्यांच्या नावातला 'बाचेप्रॉट' हा सुंदानीज शब्द आहे, अर्थ गोंगाट. नावसुद्धा स्वतःच्या बोलीतलं.

रील व्हायरल झाली तर बँड मोठा होतो का?

एक गाणं मोठं होतं. बँड मोठा व्हायला त्या गाण्याच्या मागे आणखी दहा लागतात.

गाण्यातून पैसे कसे येतात? आणि भांडणं कशी टाळायची?

सुरुवातीला पैसे प्रत्यक्ष वाजवण्यातून येतात, थोडे टी-शर्टमधून. स्पॉटिफायवर २०२४ पासून असा नियम आहे, की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याची रॉयल्टी निघत नाही. हजाराच्या वर गेलात तरी मिळणाऱ्या रकमेतून दोन सरावांचं भाडं सुटलं तर आनंद माना.

दोन कामं मात्र पहिल्या गाण्यापासून करा. गाणं कुणी लिहिलं आणि चाल कुणाची, हे कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या, तारीख घाला. आणि लिहिणाऱ्याने, चाल बांधणाऱ्याने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेचं, सदस्यत्व घ्यावं. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कुठलीही कंपनी करारात कायमचा लिहून घेऊ शकत नाही. ज्याला हे माहीत नसतं तो सही करून मोकळा होतो. माझ्या कॉलेजच्या काळातला एक फार चांगला बँड एका गाण्याच्या मालकीवरून तुटला. चौघेही आजही ठाण्यातच राहतात. एकमेकांशी बोलत नाहीत. ते गाणं कधी ध्वनिमुद्रितही झालं नाही, आणि मला त्याची चाल अजून पाठ आहे.

सोसायटीवाले सराव करू देत नाहीत. काय करावं?

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ड्रम्सचा संच त्याच्या कितीतरी वर जातो, तेव्हा शेजाऱ्यांचं चुकत नाही. घरी रबरी सराव-पॅड वापरा आणि पूर्ण आवाजाचा सराव जॅमरूममध्ये करा. वाशी, तुर्भे आणि ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातला एखादा गाळा दोन-तीन बँडनी मिळून भाड्याने घेतला तर परवडतो.

मुलगी बारावीनंतर बँडच करायचा म्हणते. आम्ही काय करावं?

शेजारच्या काकू हे विचारायला आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून उत्तर जपून लिहिते. शिक्षण आणि बँड यांतलं एकच निवडायला लावू नका. 'क्वीन'च्या ब्रायन मेने खगोलभौतिकीतली पीएचडी २००७ मध्ये पूर्ण केली, 'ऑफस्प्रिंग'च्या डेक्स्टर हॉलंडने रेण्वीय जीवशास्त्रातली २०१७ मध्ये. आपल्याकडचे बहुतेक चांगले वादक नोकरी सांभाळून वाजवतात.

मुलीला एवढंच विचारा, की आठवड्यात किती वेळा सराव होतो आणि सगळे वेळेवर येतात का. उत्तर 'तीनदा, हो' असं आलं तर ती गंभीर आहे. मग तिचा कार्यक्रम बघायला जा. मागे उभे राहा, पण जा. काकू गेल्या. मुलगी बेस वाजवते हे त्यांना माहीत होतं. बेस म्हणजे काय हे त्यांना त्या रात्री छातीत जाणवलं, असं त्या म्हणाल्या.

आत्ता लगेच ऐकायला काय सुचवाल?

गीस आणि ब्लडीवुड तर आलेच. त्यांच्याखेरीज बाल्टिमोरचा 'टर्नस्टाइल', डब्लिनचा 'फॉन्टेन्स डी.सी.', मंगोलियाचा 'द हू' आणि दिल्लीचा 'पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी'. मंगोलियाच्या 'द हू'पासून सुरू करा. कंठातून गाणं आणि घोड्याच्या मस्तकाची सारंगी घेऊन त्यांनी मोठमोठे जमाव हलवले आहेत. ते ऐकल्यावर आपल्या बेंजोबद्दल तुम्हाला वेगळं वाटू लागेल.

लोअर परळला कार्यक्रम बघून रात्री घरी कसं यायचं?

तिथून चालत करी रोड गाठा. ठाण्याला जाणारी धीमी गाडी थेट मिळते. वाशी-नेरुळवाल्यांनी कुर्ल्याला उतरून हार्बर पकडायची. घणसोली, कोपरखैरणेवाल्यांनी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी कितीची आहे ते निघण्याआधीच बघून ठेवायचं. आणि पहिल्या बँडसाठी वेळेवर पोचा. तो मुख्य बँडपेक्षा तासभर आधी सुरू होतो आणि त्याच्यापुढे बहुतेक वेळा वीसच माणसं असतात. परतीच्या गाडीत त्याच बँडमधलं कुणीतरी हमखास भेटतं, दारापाशी, गिटारची पेटी पायांच्या मध्ये धरून उभं. मुलुंड येईपर्यंत बोलायला भरपूर वेळ असतो. कुठलं गाणं आवडलं ते त्याला नाव घेऊन सांगा.